सुधारित आवृत्ती

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, त्याने पाण्याचा एक घोट घेतला, आता तो बोलणार, तेवढ्यात नवऱ्याने यंत्राची भिंतीतली पिन उपसली.

"अहो, एवढं प्रकरण तरी होऊ द्या," ती म्हणाली.

"वाच की. पुस्तक कुठे नेतोय मी?"

पुस्तक तो खरंच नेत नव्हता. त्याने ते लाकडी स्टँडवरून अलगद उचललं, तिच्या पुढ्यात उशीला टेकवून उघडंच ठेवलं, पानं मिटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावले. मग तो टेबलाखाली वाकून स्टँडचे स्क्रू काढू लागला. पान उचलणारा रबरी रूळ, ते पलीकडे लोटणारा लांब दांडा, तिच्या हनुवटीखाली यायची ती बटणाची गादी, असा एकेक भाग जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात गेला. नव्या यंत्रांचं प्रदर्शन दुसऱ्या शहरात होतं आणि गाडी संध्याकाळची होती.

तिचे हात मांडीवर होते, सकाळी कामाच्या मावशींनी ठेवले होते तसेच. तिने पुढ्यातली दोन पानं वाचून संपवली. उजव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्ध्यात तुटलं होतं: 'कप्तान होडीत उतरला तेव्हा'. एवढंच. खटला बुडालेल्या जहाजाचा होता आणि प्रवाशांना सोडून कप्तान आधी पळाला की नाही, यावर सगळी कादंबरी उभी होती.

"हे पान उलटून जाता का?" तिने विचारलं.

त्याने खोक्याला चिकटपट्टी लावता लावता एका बोटाने पान उलटलं. चिमटा निघाला, त्याबरोबर आणखी चार-पाच पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. "मावशी करतील हं नीट," असं म्हणत तो रिक्षा बघायला बाहेर गेला.

ती जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत आली होती. वाचनावरच पोट भरलं, पण पुस्तक म्हणून एकही धड वाचलं नाही. एखाद्या कादंबरीत काय आहे असं कुणी विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. कुठल्या प्रकरणात वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली होती, ते मात्र विचारा. निवृत्त झाल्यावर माणसांसारखं वाचायचं, असं तिने ठरवलं होतं. पुस्तकं आणून भिंतीशी रचूनही ठेवली होती. आणि मग हात गेले. आधी पेन निसटू लागलं, मग कप, मग ब्लाउजची बटणं. डॉक्टरांनी नसांचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. पाय धरून-धरून चालत राहिले, पण हात एकदा मांडीवर येऊन पडले ते पुन्हा आपणहून उठले नाहीत.

सुरुवातीला नवराच शेजारी बसून पानं उलटायचा. तो कधी घाईने उलटायचा, कधी त्याला डुलकी लागायची. ती खाकरायची, तो दचकून उठायचा, आणि महिनाभरात दोघं एकमेकांवर इतके वैतागले की पुस्तकाचं नाव काढेनासे झाले. ध्वनिमुद्रित पुस्तकं आणून पाहिली. दुसऱ्याच्या आवाजाने तिला झोप यायची. फोनवर वाचू म्हटलं तर डोळ्यांतून धारा लागायच्या. परदेशी यंत्रं होती, पण त्यांच्या किमती ऐकून दोघांनी तो विचारच सोडला.

नवरा कचेऱ्यांत लागणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आराखडे काढायचा. तोही निवृत्त, हाताला काम नाही. "मी करतो," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत शिरला. बाहेर आला तो बिघडलेल्या प्रिंटरचे रूळ आणि खेळण्यातली मोटर जोडलेलं एक विचित्र प्रकरण घेऊन. तिने हनुवटी दाबली. मोटर गुरगुरली, रुळाने पान उचललं, दांड्याने ते पलीकडे टाकलं. ती मोठ्याने हसली होती. त्याच्या गालाला हात लावावा असं तिला फार वाटलं होतं. ते काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

पानं उलटतो म्हणून तिने त्या यंत्राचं नाव 'उलट्या' ठेवलं. हल्ली साहेबांचं काय चाललंय, असं शेजारीण विचारायची तेव्हा ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "काही नाही, दिवसभर उलट्या." नवऱ्याला ते आवडायचं नाही. त्याने 'वाचनमित्र' असं नाव दिलं होतं.

तिथेच थांबला असता तर. पण यंत्र चालतंय म्हटल्यावर ते स्वस्त व्हायला हवं असं त्याने डोक्यात घेतलं. मोटर लहान करून पाहिली, लाकडाऐवजी पुठ्ठा लावून पाहिला. दर वेळी चालतं यंत्र उचलून मागच्या खोलीत जायचं आणि पुस्तक मध्येच थांबायचं. नवं यंत्र यायचं ते आधी दोन-दोन पानं एकदम उलटायचं किंवा पातळ कागद फाडायचं. मग ती दोष सांगायची. त्यात ती मुरलेली होती: एकही चूक सोडायची नाही आणि एकही उगाच काढायची नाही. तो हातातलं टाकून ऐकायचा. "तुझ्यासारखी परीक्षक मिळायला नशीब लागतं," म्हणायचा. भिंतीशी रचलेल्या पुस्तकांपैकी कितीतरी तिने सुरू केली होती. शेवट एकाचाही तिला ठाऊक नव्हता.

आणि चिडायची सोय नव्हती, हेच जास्त जाचायचं. एकदा उपचार केंद्रातून एका शिंप्याला त्याच्या बहिणीने घरी आणलं होतं. अर्धांगवायूने त्याचे दोन्ही हात आखडले होते. तो बिचकत यंत्रासमोर बसला, हनुवटी दाबली, पान उलटलं. पुन्हा दाबली. दुपारभर तो एक जुनं मासिक जाहिरातींसकट वाचत राहिला. निघताना त्याला हात जोडता येईनात, तर त्याने त्या लाकडी स्टँडपुढेच मान वाकवली. नवरा नाक शिंकरायला आत गेला. "अशी पुष्कळ करा हो," तीच म्हणाली होती त्या दिवशी, आणि अगदी मनापासून म्हणाली होती.

पुढे एकदा, हे पुस्तक संपेपर्यंत थांबा, असं तिने म्हटलं तेव्हा तो रागावला नाही. त्याला वाईट वाटलं. "तुझ्या एकटीपुरतं ठेवायचं का मग?" त्याने विचारलं. तिने विषय सोडून दिला, तो कायमचा.

नवरा प्रदर्शनाला गेला आणि घर मावशींवर आलं. मावशी तिचं सगळं करायच्या, अंघोळीपासून जेवण भरवण्यापर्यंत; पण त्यांच्यामागे आणखी दोन घरं होती. त्या पान उलटून भांड्यांकडे जायच्या. ती हाक मारायची तेव्हा त्या ओले हात पुसत यायच्या, उलटायच्या, जायच्या. तिसऱ्या हाकेला त्या दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही जरा सावकाश वाचा की," त्या म्हणाल्या.

तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दोन्ही तिने गिळलं. मावशी गेल्यावर तिने हनुवटीने पान उलटून पाहिलं, ते चुरगळलं. नाकाने पाहिलं, चष्मा घसरला. संध्याकाळी तिने मावशींना कपाटातली विणकामाची सुई काढायला सांगितली. बांबूची होती, हलकी. एका टोकाला औषधाच्या ड्रॉपरचं रबर बसवून घेतलं, दुसऱ्या टोकाला जखमेला लावायची पट्टी गुंडाळून घेतली, दातांत धरायला.

"डोळ्यात जाईल एखाद्याच्या," मावशी म्हणाल्या.

"इथे माझ्याशिवाय कोण आहे?"

पहिल्या दिवशी सुई सारखी खाली पडली. दुसऱ्या दिवशी रबराला पान चिकटू लागलं, पण मान वेळेवर वळेना. त्यानंतर कधीतरी, मावशी बाजारात गेल्या असताना, पान उचललं गेलं, उभं राहिलं आणि पलीकडे पडलं. बघायला कुणी नव्हतं. 'कप्तान होडीत उतरला तेव्हा होडीत आधीच कुणीतरी होतं,' साक्षीदार सांगत होता. ती अधाशासारखी वाचत सुटली. गळपट्टी लाळेने भिजायची, मान रात्री शेकून घ्यावी लागायची, पण पानं उलटत होती, एका वेळी एक, आणि तिला हवं तेव्हा.

नवऱ्याचा फोन यायचा. मावशी तो तिच्या कानाशी धरायच्या. पारितोषिक मिळालं होतं. मोठे पाहुणे येऊन गेले. एका संस्थेला नमुना अभ्यासायला हवा होता, म्हणून यंत्र तिथेच ठेवून यावं लागणार होतं. "तुझी गैरसोय होतेय ना गं?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. सुईबद्दल ती बोलली नाही. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

तो परतला तेव्हा ती शेवटच्या प्रकरणात होती. निकाल वाचला जात होता. दार उघडल्याचं तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. केली असती तर ओळ हरवली असती. तो दारात बॅग घेऊन उभाच राहिला. तिने एक पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग तो जवळ आला, तिच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसला आणि एखादं लहान मूल पहिलं पाऊल टाकताना बघावं तसा बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, हे तिला कडेने दिसलं.

"हे कुणी सुचवलं?" त्याने विचारलं.

तोंडात सुई होती, ती काय बोलणार? तिने पुढचं पान उचललं. ते अर्धं उभं राहिलं होतं, तेवढ्यात त्याने हलक्या हाताने तिच्या दातांतून सुई सोडवून घेतली. पान मागे पडलं. त्याने रुमालाने सुई पुसली, उजेडात धरली, रबर दाबून पाहिलं.

"मोटर नाही, वायर नाही," तो पुटपुटला. "अगं, हे तर कुणालाही परवडेल. आणि मी इतकी वर्षं रुळांच्या मागे लागलो होतो."

"अहो, चारच पानं राहिलीत."

"आलोच. माप तेवढं घेतो."

तो मागच्या खोलीत गेला. दिवा लागला. खण उघडल्याचा, मग शिकंजा आवळल्याचा आवाज आला.

"दातांना त्रास होतो का गं?" त्याने आतून विचारलं.

ती उघड्या पानाकडे बघत होती. आजवर तिने कधी नसलेली चूक काढली नव्हती, छापखान्यातही नाही.

"होतो," ती म्हणाली. "दात हलायला लागलेत. पानं फाटतात. मानेत कळ येते ती दिवसभर जात नाही. त्या शिंप्याला देऊ नका, कुणालाच देऊ नका. अजिबात कामाचं नाही ते. परत आणून द्या."

तिने मागच्या खोलीकडे कान लावले.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "मग हे मुळापासूनच बदलायला हवं."

आणि करवत चालू लागली.