पार्थ बोलायला लागला

पाथर्डीकडच्या एका वस्तीवर बिभीषण आणि दिपाली राहत. दरवर्षी दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला जायची. थोरली संस्कृती कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जन्मली. तिचे कान कुणी तपासलेच नाहीत. ती बोलेना, तेव्हा सासू भागूबाई म्हणायच्या, "बिभीषण बी उशिराच बोललाय." ट्रॅक्टर आला की जमीन थरथरायची आणि पोरगी वळून बघायची. तिला ऐकू येतं, असंच सगळे धरून चालले.

धाकटा पार्थ मात्र नगरला दवाखान्यात झाला. तिथं जन्मल्यावर लगेच कानांची तपासणी झाली, महिन्याभरानं पुन्हा झाली, मग मोठ्या यंत्रावर झाली. त्याला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. दिपाली म्हणाली, मोठी बोलत नाही, बाकी काही नाही. सात वर्षांची संस्कृती खाली बसून मोसंबी सोलत होती. मॅडमनी तिच्या मागं जाऊन स्टीलचा ट्रे दुसऱ्या ट्रेवर आपटला. दिपाली दचकली, दारातली नर्स दचकली. संस्कृती साल काढत राहिली.

मग तिचीही तपासणी झाली. पार्थला ऑपरेशन करून कानात ऐकण्याचं यंत्र बसवता येईल, सरकारी योजनेतून होईल, असं मॅडमनी सांगितलं.

"आन हिला?" दिपालीनं विचारलं.

"लहानपणी आणली असती तर जमलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आता आवाज पोचला, तरी त्यातलं बोलणं तिला उमगणं फार अवघड."

पार्थ दोन वर्षांचा झाल्यावर त्याचं ऑपरेशन झालं. तोवर बहीणभाऊ हातांनीच बोलायचे. संस्कृतीनंच त्याला शिकवलं होतं. पण ऑपरेशननंतर त्याला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या ताईंनी बजावलं, की आता घरात कुणीच खुणा करायच्या नाहीत. हात दिसले की तो कान वापरणार नाही.

दिपालीनं ते पाळलं. संस्कृती पुढ्यात येऊन खुणा करू लागली की ती हात पदराखाली घ्यायची आणि तोंडानं बोलायची. आधी पोरीनं आईचे हात ओढून बाहेर काढले. मग एकदा ती चावली. बिभीषणनं तिला मारलं. त्यानंतर तिनं खुणा करणं सोडून दिलं, भावाशीसुद्धा.

पार्थ पहिल्यांदा "आई" म्हणाला, तेव्हा भागूबाईंनी वस्तीवर साखर वाटली. संस्कृती चुलीपाशी बसून सगळ्यांची तोंडं बघत होती. दिपालीनं तिला घरामागं नेलं आणि खुणांनी सांगितलं, पार्थ बोलला. संस्कृतीनं तिचे हात नीट बघितले. मग ती परत चुलीपाशी जाऊन बसली.

पुढच्या जूनमध्ये तिला नगरच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. बिभीषणला ते पटत नव्हतं. पोरगी लहान आहे, तिथं रडेल, म्हणाला.

"हितं ती कुनाशी बोलती?" दिपालीनं विचारलं.

दिवाळीला संस्कृती घरी आली. पिशवी खाली ठेवताच आईसमोर बसली आणि तिचे हात भराभर चालू लागले. त्या खुणा शाळेतल्या होत्या. दिपालीला एकही ओळखू येईना. संस्कृतीनं सगळं पुन्हा, सावकाश करून दाखवलं. दिपालीनं हसून मान हलवली, कळलं म्हणून. संस्कृतीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

पार्थ आईच्या पाठीशी येऊन उभा राहिला. "ताई काय?" त्यानं विचारलं.

"ठाऊक न्हाई," दिपाली म्हणाली.