कोऱ्या काचेवरची बटणं

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका अरुंद जिन्याने वर चढता आहात. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात टिकटिक ऐकू येते, आणि तीही एका घड्याळाची नाही, पन्नास-साठ घड्याळांची. वर गेलात की एक लांबट खोली लागते. मधोमध मोठं लाकडी टेबल, भोवती एकमेकींशी न जुळणाऱ्या दहा-बारा खुर्च्या, आणि जमिनीवर वायरींचा असा गुंता की पाय बघूनच टाकावा लागतो. शनिवारचे चार वाजले आहेत. कॉम्प्युटर क्लबची बैठक सुरू होते आहे. टेबलाकडे नीट बघून घ्या, कारण जे झालं ते त्या टेबलामुळेच झालं. अर्ध्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं आहे आणि उरलेलं अर्धं उघडं आहे.

हा या क्लबचा नियम होता. ज्या वस्तूबद्दल बोलायचं, ती हिरव्या कापडावर ठेवायची. ज्या वस्तू लोकांनी शाळांसाठी देऊन टाकलेल्या असत, त्या उघड्या लाकडावर. तिथे आलेलं प्रत्येक यंत्र आधी आतून पुसून कोरं करायचं, मगच पुढे पाठवायचं. क्लबच्या बोलण्यात याला ‘आंघोळ घालणं’ म्हणत. आंघोळ घातलेल्या यंत्रात आधीच्या मालकाचं काही म्हणजे काही उरत नसे. पाटी पाण्याने धुतल्यावर उरत नाही, तसं.

क्लब चालवणारे घड्याळकाका, खालच्या दुकानाचे मालक, नव्या माणसाला दारातच हा नियम सांगत. त्या दिवशी त्यांनी तो भिंगरीला सांगितला.

भिंगरी दहा वर्षांची होती. एका जागी बसणं तिला जमायचं नाही, म्हणून हे नाव. पण त्या दिवशी ती महत्त्वाच्या कामाला आली होती. एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात धाकट्या भावाचा हात.

धाकटा सात वर्षांचा. त्याला ऐकू यायचं, कळायचं सगळं, तोंडातून शब्द मात्र फुटत नसत. तो टॅबमधून बोलायचा. टॅबवर चौकोनी बटणं होती, प्रत्येकावर चित्र. बटण दाबलं की टॅब तो शब्द म्हणायचा. चार वर्षांत आईने एकेक करून तीनशे बारा बटणं बनवली होती, आणि आवाज सगळे भिंगरीचे. पहिली बटणं केली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे धाकट्याला साखर हवी असली की टॅब ‘थाखर’ म्हणायचा, आणि ते बदलायला धाकटा कोणालाही हात लावू देत नसे.

आता तो टॅब म्हातारा झाला होता. चार्जिंगची वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच तो जागा राही. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालत नव्हतं. “क्लबमधल्या लोकांना विचार, ही बटणं कुठल्याही फोनवर नेता येतील का,” आई म्हणाली होती. “आणि जपून. त्याची जीभ आहे ती.” आई दवाखान्यात नर्स होती. सहाला ड्यूटी संपली की ती न्यायला येणार होती.

“टॅब कापडावर ठेव बेटा,” घड्याळकाका म्हणाले. “तुझा नंबर तिसरा.”

भिंगरीने टॅब हिरव्या कापडावर ठेवला. अगदी कापडाच्या काठाशी, उघड्या लाकडाला लागून, कारण तेवढीच जागा होती.

पहिला नंबर टेलरमामांचा. त्यांनी दुमडणारा फोन आणला होता. उघडला की वहीच्या पानाएवढा, मिटला की खिशातल्या डायरीएवढा.

“मामा, तुम्हाला हा कशाला?” कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं. त्याला सगळे चष्मिस म्हणत.

“जन्मभर घड्या घालतोय,” टेलरमामा म्हणाले. “म्हटलं, एकदा आपल्यासाठी कोणीतरी घातलेली बघू.”

“सुरकुती पडलीय मधोमध.”

“इस्त्री करून देतो. तुझ्या फोनलाही हवी का?”

सगळे वाकून बघायला लागले. भिंगरीलाही तो फोन उघडताना बघायचा होता. तिने टेबलावर कोपरं टेकली, पण मध्ये टॅब आडवा येत होता. तिने तो हाताने बाजूला सारला. एक वीत, फार तर दीड वीत. धाकट्याने तिची बाही ओढली. “थांब ना,” ती म्हणाली. त्याने पुन्हा ओढली. तिने बाही सोडवून घेतली.

मग चष्मिसचा नंबर आला. त्याने तीन यंत्रं ओळीने मांडली, एक जुना लॅपटॉप, एक फोन, एक दुसऱ्याच कंपनीचा टॅब, आणि तिन्हींवर एकच चित्र काढायचं सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. एखादं गाणं बासरीवर वाजतं, पेटीवर वाजतं, नुसतं गुणगुणलं तरी ओळखू येतं. सॉफ्टवेअरचं सहसा तसं नसतं. ते ज्या यंत्रासाठी लिहिलं त्यावरच चालतं, दुसऱ्यावर तोंड मिटून बसतं. पण काही सॉफ्टवेअर अशी लिहितात की ती कुठेही गेली तरी गातात. चष्मिस तेच समजावत होता आणि भिंगरी कान देऊन ऐकत होती. हेच तर तिला हवं होतं.

“चला, आता तिसरा नंबर,” घड्याळकाका म्हणाले. “आण ग पोरी तुझा टॅब.”

भिंगरीने हात पुढे केला. टॅब तिथे नव्हता. तो टेबलाच्या पार टोकाला होता, डॉक्टरकाकूंच्या पुढ्यात. डॉक्टरकाकू दातांच्या डॉक्टर. बैठकीत बडबड चाले तेव्हा त्या शांतपणे उघड्या लाकडावरची यंत्रं एकेक करून पुसत बसत. भिंगरी धावत गेली. टॅबचा पडदा पांढरा होता. त्यावर फक्त दोन शब्द होते. ‘भाषा निवडा’.

तिला आधी वाटलं, हा दुसरा कोणाचा असेल. मग तिने तो उलटा केला. मागे धाकट्याने चिकटवलेलं बेडकाचं स्टिकर होतं.

“हा तुझा?” डॉक्टरकाकूंनी विचारलं. “मी तर... आत्ताच झाली याची आंघोळ.”

जिन्यातून खालची टिकटिक ऐकू येत होती. भिंगरीने पडद्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. आणखी एका पांढऱ्या पडद्याशिवाय काही आलं नाही.

“त्याला कुलूप नव्हतं का?” टेलरमामांनी हळूच विचारलं.

“नाही,” भिंगरी म्हणाली. “त्याला आकडे टाकायला वेळ लागतो, म्हणून आईने काढलं.”

चष्मिसने टॅब घेतला. “दुसरीकडे कुठे साठवलेलं असेल ना? कंपनीकडे?”

“कंपनी बंद पडली. दोन वर्षं झाली.”

चष्मिसने तरीही आपला लॅपटॉप जोडून खटपट केली. वीस मिनिटं तो मान वर न करता बसला होता. शेवटी त्याने टॅब बंद करून कापडावर ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. “गेलं,” तो म्हणाला. “सगळं गेलं. आमच्या आंघोळीतून काही परत येत नाही. आम्हीच तशी व्यवस्था केलीय.”

“पण काकू,” घड्याळकाका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात न आवडणारं काम करतानाचा जडपणा होता, “कापडावरची वस्तू तुम्ही उचललीत कशी?”

“कापडावर नव्हती. लाकडावर होती.”

“मी तिला कापडावर ठेवताना पाहिलं.”

सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. आता तिला आठवलं. कोपर, फोन, एक वीत, दीड वीत. ते आठवताच तिच्या कानशिलांत गरम झालं.

“मी कापडावरच ठेवला होता,” ती म्हणाली. शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी ते खोटं होतं.

डॉक्टरकाकूंनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तीस वर्षं दात काढतेय,” त्या म्हणाल्या. “चुकीच्या दाताला एकदाही चिमटा लावला नाही. आज मला आठवतंय लाकडावर, आणि उचललं कापडावरून. मग सोमवारी मी कोणाच्या तोंडात हात घालू?”

“असं नका बोलू हो,” टेलरमामा म्हणाले.

“बोलू नको तर काय करू? एका मुलाचं बोलणं पुसलं मी.”

आणि तेव्हाच खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्याचं बोलणं पुसलं गेलं, त्याच्याकडे अजून कोणी पाहिलंच नव्हतं.

धाकटा कापडासमोर उभा होता. बंद टॅबच्या काळ्या काचेवर तो बोट टेकवत होता. एकदा डावीकडे वर. एकदा मधे. थांबून पुन्हा डावीकडे वर, मधे.

“बघवत नाही,” घड्याळकाका पुटपुटले. “त्याला वाटतंय चालू आहे.”

पण भिंगरी बघत होती. डावीकडे वर म्हणजे ‘पाणी’. मधे, वरून दुसऱ्या ओळीत, म्हणजे ‘हवं’. रोज शंभरदा ती तिथे बोट पडताना बघायची.

“त्याला पाणी हवंय,” ती म्हणाली.

टेलरमामांनी पेला भरून दिला. धाकट्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि पुन्हा काचेवर बोट टेकवलं. उजवीकडे खाली.

“‘अजून’ म्हणतोय.”

चष्मिस खुर्चीतून अर्धवट उठला. “काचेवर काहीच नाहीये.”

“त्याच्या बोटाला माहितीय कुठे काय होतं,” भिंगरी म्हणाली. हे तिला स्वतःलाही त्याच क्षणी कळत होतं. “मलाही माहितीय. पहिलं पान तरी.”

कोणी तिला कोरा कागद दिला, कोणी पेन्सिल. तिने सहा उभे, चार आडवे असे चोवीस चौकोन आखले आणि भरायला लागली. पाणी, आई, ताई, काकू. या काकू म्हणजे शेजारच्या, ज्या त्याला दुपारी सांभाळत. हवं, नको, नाही, हात, दुखतं, इथे, तिकडे, चूक, गंमत. एका चौकोनाशी ती अडली तर धाकट्याने स्वतःचं नाक पकडून दाखवलं, आणि तिने ‘घाण वास’ लिहिलं. टेलरमामा हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले, म्हणून ते खिडकीकडे गेले.

“कागदावरून मी हे कुठल्याही यंत्रावर चढवू शकतो,” चष्मिस म्हणाला. “चोवीस आज रात्रीपर्यंत. बाकीची हळूहळू, तुम्ही दोघं सांगाल तशी. आवाज मात्र पुन्हा द्यावे लागतील.”

डॉक्टरकाकू हात मांडीवर लपवून बसल्या होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. आई आली. दारातच थांबून तिने बंद टॅब पाहिला, कागद पाहिला, सगळ्यांचे चेहरे पाहिले. “काय झालं?”

“चूक माझी आहे,” डॉक्टरकाकू उठून म्हणाल्या. “मी तुमच्या मुलाचा टॅब...”

धाकट्याने टेबलावर थाप मारली. त्याला बोलायचं असलं आणि कोणी ऐकत नसलं की तो तसं करायचा. त्याने कागद आईच्या दिशेने सरकवला, आणि भिंगरीचा हात धरून तिला शेजारी ओढलं, कारण कागदाला आवाज नव्हता. तो आवाज आता तिलाच व्हायचं होतं.

त्याचं बोट ‘काकू’वर गेलं. मग डॉक्टरकाकूंकडे. मग पुन्हा कागदावर.

“काकू,” भिंगरीने वाचलं. “चूक. नाही.”

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. धाकट्याने आपल्या ताईकडे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि बोट उचललं. ते कुठे जाणार हे तिला ते खाली टेकायच्या आधीच कळलं. कागदावरचे ते चौकोन तिच्याशिवाय कोणी धडपणे वाचू शकत नव्हतं, अक्षर इतकं घाईचं होतं. आई लांब होती. भिंगरी काहीही वाचू शकली असती. ‘पाणी’ वाचू शकली असती.

बोट टेकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

भिंगरीने श्वास घेतला आणि जेवढ्या स्पष्ट आवाजात तिने कधीकाळी टॅबमध्ये शब्द भरले होते, तेवढ्याच स्पष्ट आवाजात वाचलं, “ताई. हात. तिकडे.”