काळ्या वाळूचा उंचवटा

माघ सरत आला होता. ओहोटीने समुद्र दूर नेलेला. आणि त्याच्या मागे उरलेल्या ओलसर किनाऱ्यावर सकाळ उतरली होती, कोवळी, केशरकांती, दवभारली. सारी पुळण रुपेरी. सुरूच्या बनाशेजारचा एक उंचवटा तेवढा काळा, काजळकाळा.

वाळूतल्या जड खनिजांचा शोध घेणाऱ्या तुकडीबरोबर भूवैज्ञानिक नलिनी तांडेल आपल्याच गावच्या किनाऱ्यावर आली होती. कितीतरी वर्षांनी.

उभ्या किनाऱ्याने निराशा केली. उंचवट्याने मात्र भरभरून दिले. पाण्यात थाळी फिरे, पांढरे कण लाटेलाटेने वाहून जात, आणि तळाशी उरे ते काळेभोर, जडशीळ, चमचमते खनिज. आई तांदूळ रोवळायची, तीच लय, तेच मनगट.

"घबाडच लागलं की हो!" तुकडीचे प्रमुख बर्वेसाहेब हरखले. "समुद्राने पिढ्यान्‌पिढ्या साठवलंय. यंत्र इथेच लावू. शेजारचं मासळीचं खळं हलवावं लागेल, एवढंच."

एवढंच! शोध नलिनीच्या नावावर लागणार होता, आणि आई जिथे मासळी सुकवायची ते खळे जाणार होते.

मग ते जुने ऊन आठवले, वैशाखाचे, वणव्याचे. खळ्यातली काळी वाळू आधी तापे, सुकत घातलेली मासळी करपवून टाकी. म्हणून गावच्या बाया दर हंगामात ती खरवडून, टोपल्या भरभरून सुरूच्या कडेला टाकत. आई पुढे, इवलीशी नलिनी मागे.

"गो चेडवा, काळी वाळू मासळेक भाजता! उचल टोपली, टाक थंय!"

तळपाय पोळत, डोळ्यांत पाणी येई. तरी ती वाट संपू नये असे वाटे. आई गेली, ती वाटही गेली.

गप्प राहिले तर कुणाला कळणार होते? नलिनीने उंचवट्यात खणलेल्या खोल खड्ड्यातली वाळू पुन्हा थाळीत घेतली. फिरवली, फिरवली. पांढरे गेले, काळे उरले. आणि काळ्यात उरला बांगडीचा एक हिरवा तुकडा.

तो तिने साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"साहेब, समुद्र बांगड्या भरत नाही. ही रास बायकांनी घातलीय. माझ्या आईने घातलीय."

"म्हणजे हा समुद्राचा साठा नव्हेच, टोपल्यांची रास! इथे यंत्र नको," साहेब म्हणाले. मग नमुन्याची पिशवी त्यांनी उंचवट्यावरच रिकामी केली.

ऊन डोक्यावर आले होते. नलिनी चपला काढून त्या काळ्या राशीवर उभी राहिली. तळपाय पोळले, डोळे भरले. तिने पाय उचलला नाही.