सुरा कुणी पाहिला?

थांबा. आधी कोण आहात ते सांगा, मग पुढे या. राग मानू नका. मी दाराची साखळी बोलतेय आणि समोरच्यावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हेच माझं काम. दार चार बोटं उघडू द्यायचं आणि तेवढ्या फटीतून माणूस पारखायचा. पंधरा वर्षं हेच करतेय. पत्ता चुकल्याचं सोंग करणारे, पाणी मागत आत डोकावणारे, सगळे पाहून झालेत.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे ओढून ओढून माझी परीक्षा घेतली, म्हणून कदाचित स्वभाव असा झाला असेल. मग एका दुकानात बिजागऱ्यांच्या शेजारी धूळ खात पडले होते. तिथून मला उचललं ते चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराने. माझी एकेक कडी त्याने नखाने तपासली, दुकानदाराचा जीव नकोसा केला. घरी आणून चार स्क्रूंनी स्वतः बसवलं आणि दहादा लावून-काढून पाहिलं. मला तो तेव्हाच आवडला. म्हटलं, हा आपल्यातला दिसतो.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, शाळेच्या कचेरीत काम करणारी. दोघांचं बरं चाललं होतं. पण त्याचा संशय माझ्यासारखा नाही, हे मला हळूहळू कळलं. दार लागलं की माझा संशय संपतो. त्याचा तिथून सुरू व्हायचा. ताई आपल्याविरुद्ध पोलिसांना काहीबाही सांगते, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी हे थांबायचं, पण मग हात थरथरायचे, आणि थरथरत्या हाताने काच घासता येत नाही. मग तो ताईच्या नकळत गोळ्या बंद करायचा.

पहिल्यांदा त्याचं बिनसलं तेव्हा ताईने पोलिसांना फोन करून खरं ते सांगितलं. भाऊ आजारी आहे, कुणाचं ऐकत नाही, दवाखान्यात न्यायला मदत करा. पलीकडून विचारणा झाली, कुणाला मारलंय का, हातात काही आहे का? नाही म्हटल्यावर पोलीस उगवले ते अडीच तासांनी. तोवर त्याने भिंतीवर आपटून कपाळ फोडून घेतलं होतं.

दुसरी खेप गेल्या वर्षीची. भर दुपारी ताई घरी आली, किल्ली फिरवली, पण दार चार बोटांपुढे सरकेना. मी लावलेली होते.

"अरे, मी आहे," ती म्हणाली.

"आवाज ताईचा आहे," तो आतून म्हणाला. "पण ताईच कशावरून?"

आणि भिंतीवर धाडधाड डोकं आपटायला लागला. ताई दार ढकलत राहिली. शेजारचे निवृत्त मास्तर बाहेर आले. त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला आणि कानाशी लागले की हातात सुरा आहे म्हणा, त्याशिवाय ही मंडळी हलत नाहीत. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? पण भावाचं ते कपाळ ताई विसरली नव्हती. माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून तिने सांगितलं, "माझ्या भावाच्या हातात सुरा आहे."

मी चरकले. आतली आपटाआपट एकदम थांबली.

पोलीस सात मिनिटांत आले. एक आडदांड गडी पिस्तूल काढूनच जिना चढला, मागून एक पोलीस बाई. सुरा आहे असं कळून आलेल्या माणसाला सुराच दिसणार. त्यात आमच्या कारागिराने बाहेर कोण आलंय ते पाहायला कामाचं भिंग फटीशी धरलं. जिन्यातल्या खिडकीच्या उन्हात ते लखकन चमकलं.

"टाक हत्यार!" गडी ओरडला. भिंगातून त्या पिस्तुलाचं तोंड केवढं दिसलं असेल, मला विचारू नका.

पोलीस बाईने तेवढ्यात ताईला विचारलं, "सुरा तुम्ही स्वतः पाहिलात?"

ताईने फटीकडे पाहिलं. खोटं बोलले म्हणून धरतील, पुन्हा बोलावलं तर येणारच नाहीत, अशी भीती तिच्या तोंडावर दिसत होती. मला वाचा असती तर मीच ओरडले असते. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "नाही. सुरा नाहीच. ते भिंग आहे."

बाईने झटकन साथीदाराचा दंड धरला. पण त्याला ते पटेना. भावाला वाचवायला ही बहीण आता खोटं बोलतेय, असं तो म्हणाला आणि त्याने दाराला लाथ घातली. माझे तीन स्क्रू लाकडासकट उपटून आले. गोळी सुटली नाही, कारण बाईने दंड सोडला नव्हता. पण दारामागे आमच्या कारागिराचं उजवं मनगट सापडलं आणि मोडलं.

दोन महिन्यांनी तो दवाखान्यातून परतला. आता गोळ्या नेमाने घेतो, डोकं ताळ्यावर आहे. मनगट मात्र वळत नाही, काचांचं काम सुटलं. ताई तेव्हापासून मावशीकडे राहते, त्यानेच सांगितलं तसं. डाव्या हाताने, लांब स्क्रू लावून त्याने मला पुन्हा बसवलं.

ताई दर रविवारी येते. एकदा फटीतून म्हणाली की खरं सांगितलं असतं तर पोलीस वेळेवर आलेच नसते, मी तरी काय करणार होते?

त्याने मोडलेलं मनगट डाव्या हातात धरलं. मग म्हणाला, "आजारात मला वाटायचं, तू पोलिसांना माझ्याबद्दल खोटं सांगतेस. आता मी बरा आहे, ताई. आणि आता मला ते माहीत आहे."

पोलिसांत फोन घेणाऱ्यांनो, कुणी 'माणूस आजारी आहे' एवढंच म्हणालं, तर तेवढ्यासाठीही सात मिनिटांत निघा. आणि कुणी सुरा म्हणालं, तर तो कुणी पाहिला ते विचारा. संशय घेणं हे माझंही काम आहे, पण तो कुठे घ्यावा हे त्या एका बाईलाच कळलं.

आजही रविवार आहे. ताई बाहेर उभी आहे, तो आत. मला दोघांचाही श्वास ऐकू येतोय. मला काढायचं तर हात आतूनच यावा लागतो, आणि अजून तो आलेला नाही.