कुबडी खिळ्याला का टांगली?

मी एक जुनी कुबडी आहे. चर्चमध्ये, आजाऱ्यांच्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या खिळ्याला मला टांगले आहे. माझ्याखाली कोणीतरी खडूने लिहिले आहे, ‘पाय बरा झाला.’ येणारेजाणारे ते वाचतात, मला हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. मित्रांनो, मी फार गोंधळून जाते. कारण तसे झालेच नाही. म्हणजे झाले. पण ते नव्हे.

थांबा. पहिल्यापासून सांगते.

दोन भाऊ होते, दोघेही सुतार. थोरला एका दुकानाची पाटी ठोकायला शिडीवर चढला होता. शिडी धरायला खाली धाकटा होता. समोरून ओळखीचे कोणी गेले, धाकट्याने हात वर केला आणि शिडी सरकली. थोरल्याचा पाय मोडला.

तो दवाखान्यात असताना धाकट्याने कपाटासाठी जपून ठेवलेले लाकूड काढले आणि मला घडवले. काचकागदाने इतके घासले की एक कुसळ राहिले नाही. काखेला टोचू नये म्हणून माझ्या डोक्यावर आईच्या जुन्या शालीची पट्टी गुंडाळली. 

“छान आहे हो कुबडी! कुठून आणली?” डॉक्टरांनी विचारले.

“घरातच केली,” थोरला म्हणाला. कोणी केली, ते सांगितले नाही.

तरी ते माझे सोन्याचे दिवस होते. माझ्या आधाराने तो अंगणात आला, मग रस्त्यावर, मग कामावर. पुढे पाय बरा झाला. डॉक्टरांनी कुबडी सोडायला सांगितली. मला वाटले, संपले आपले काम.

संपले नाही. इथूनच मला काही कळेनासे झाले. घरात थोरला माझ्याशिवाय हिंडायचा. पण धाकट्याची चप्पल दारात वाजली, की त्याचा हात मला शोधायचा. टक, टक. धाकटा मान खाली घालून सगळी जड कामे उचलायचा.

“अहो, आत्ता तर मांजरामागे धावलात!” थोरल्याची बायको एकदा म्हणाली. “भावजी आले की बरा लंगडेपणा येतो अंगात?”

“तू गप्प बस. त्याला कळू दे जरा.”

“किती कळू दे?”

त्याने मला काखेत घेतले आणि तो बाहेर निघून गेला. किती, ते मलाही कळेना. मी आधारच देत होते ना?

धाकटा रविवारी चर्चला यायचा, पण बाहेर पायरीवर बसायचा. “वहिनी, भावाला लंगडा करून देवापुढे कुठल्या तोंडाने जाऊ?” असे तो म्हणाला, ते थोरल्याने ऐकले. त्या दिवशी त्याने मला उगाचच जमिनीवर आपटले. मग कळले, की धाकटा गाव सोडून कायमचा निघाला आहे. एकच रविवार उरला होता.

त्या रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. थोरला माझ्यावर रेलून रांगेत सर्वांत पुढे उभा राहिला. फादरांनी त्याच्या कपाळाला तेल लावले आणि सगळ्यांना विचारायचे तेच विचारले, “कुठं दुखतंय, दादा?”

उत्तर मला पाठ होते, ‘पाय.’ पण समोर क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती होती. थोरला तिच्या खिळे ठोकलेल्या पायांकडे बघत राहिला. 

“पाय नाही दुखत, फादर.”

“मग?”

“तो बाहेर पायरीवर बसलाय ना... तिथं दुखतंय.”

आणि मी धाडकन खाली पडले. त्याने मला सोडले होते. तो ताठ पावलांनी दाराकडे निघाला.

“चमत्कार! चमत्कार!” लोक उभे राहिले, कोणी गाणेही सुरू केले.

“अहो, गाऊ नका!” थोरला ओरडला. “पाय केव्हाच बरा झालाय. मी खोटं लंगडत होतो.”

गाणे अर्ध्यात थांबले. पेटी वाजवणारा तेवढा वाजवत राहिला, त्याला ऐकू कमी येते.

धाकटा पायरीवरून उठला. “खोटं? दादा, वर्षभर मी धड झोपलो नाही.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं तुला?”

“हो. म्हणूनच लंगडत होतो. मला माफ कर रे.”

धाकटा निघाला. रस्त्यापर्यंत गेला. थोरला त्याच पायरीवर गुडघे टेकून बसला. मित्रांनो, मी आडवी पडल्या पडल्या दाराकडे बघत होते.

धाकटा परत आला. आत आला, कितीतरी दिवसांनी. त्याने मला उचलले. वाटले, आता मोडतो. पण शालीची पट्टी सुटली होती, ती त्याने घट्ट बांधली आणि मला घेऊन तो बाहेर गेला.

“उठ, दादा. आता गुडघे घालवशील. देऊ ही?”

थोरला रडता रडता हसला. “ती नको. तू हात दे.”

दोघे आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. प्रार्थना संपल्यावर धाकट्याने मला इथे टांगले. खडूची अक्षरे थोरला दर रविवारी पुसतो. कोणीतरी पुन्हा लिहिते.

मला अजून उलगडलेले नाही. तेल कपाळाला लावले, बरे झाले भलतेच. क्षमा कोणी कोणाला केली? आजारी नक्की कोण होते? देवाची दया म्हणतात ती हीच असेल, तर त्या दोघांपैकी कोणीही तिला बोलावले नव्हते. ती आली, एवढे मी पाहिले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. तुमच्या घरी दाराआड अशी एखादी कुबडी असेल, तर एकदा पाय टेकून बघा. तो बरा झाला असेल, तर तिला इथे आणा. माझ्या शेजारचा खिळा रिकामा आहे.