बॅरलमधली विहीर

तात्या माझ्या आधीच्या दोन्ही नाटकांतून मध्येच उठून गेले होते. कुरुळीहून चिंचवडला एवढ्या लांब यायचं आणि अर्ध्यातून चहाला बाहेर! स्वतःचा बाप असला म्हणून काय झालं? या खेपेला मी ठरवलं, ह्यांना शेवटपर्यंत खुर्चीत बसवायचंच.

नाटक आमच्या कंपनीतल्या कामगारांचं. स्टेजवर एक स्टूल, बाकी काही नाही. वाकडचा रिकामा फ्लॅट, शेतातली विहीर, सगळ्या जागा आवाजानं दाखवायच्या, आणि आवाज माझ्याकडे. फ्लॅट सोपा होता, उघड्या भिंतींवर शब्द नुसते टणटणतात. विहिरीसाठी मी लॅपटॉपवर भरपूर घुमारा चढवला आणि मोठ्या ऐटीत तात्यांना ऐकवलं. तीस वर्षं विहिरी खोदलेला माणूस, म्हटलं खूश होईल.

"ही इहीर न्हाई, घाट हाय," तात्या म्हणाले. "इहिरीत आवाज लांब जात न्हाई, अने. पान्यावर आपटतो नि लगेच तोंडावर येतो."

असा राग आला! पण होतं खरं. कंपनीतून तेलाचं रिकामं बॅरल मागून आणलं, घासून धुतलं, दोन बादल्या पाणी ओतलं, तोंडाशी माइक टांगला. तात्या वाकून ओरडले, "हाय काऽ?" आणि आवाज लगेच तोंडावर येताच त्यांनी मान डोलावली. मग त्यांनीच सांगितलं: खाली माणूस असेपर्यंत वरच्यानं सारखी ही हाक मारायची, खालच्यानं 'हाय' म्हणायचं. उत्तर आलं नाही, तर हातातलं टाकून दोर ओढायचा.

ती हाक आम्ही नाटकात घेतली. शेवटच्या प्रवेशात मुलगा विहिरीत उतरलेल्या बापाला हाक मारतो आणि उत्तर येत नाही. बाप गेलेला असतो. तिथं दहा सेकंद शांतता, फक्त पाण्याचे थेंब. त्या दहा सेकंदांसाठी मी महिनाभर डोकं फोडलं होतं.

प्रयोगाला तात्या तिसऱ्या रांगेत होते. मध्यंतर झालं तरी हलले नाहीत. शेवटी मुलाचं काम करणारा सनी विंगेशी ठेवलेल्या बॅरलवर वाकला.

"हाय काऽ?"

एक थेंब पडला. दुसरा पडला.

"हायऽ! हाय रं बाळाऽ!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

प्रेक्षक हसले. माझी महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली. पडदा पडताच मी तणतणत खाली गेले.

"तात्या, नाटक होतं ते! मेलाय तो बाप!"

"म्हाईत हाय की," तात्या डोळे पुसत म्हणाले. "पन हाक आली तर उत्तर द्यायाच लागतं, पोरी. वरच्याचा जीव टांगनीला लागल्याला असतो."

भांडायला गेलेली मी, सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडले. मग आम्ही दोघं चहाला बाहेर गेलो.