पळीभर तीर्थ

नातीच्या तोंडात पळीभर तीर्थ पडू न देणारी सून अंबुबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या सासूपुढे कुणी असा आडवा हात धरला असता, तर दुसऱ्या दिवशी माहेरची गाडी धरावी लागली असती. आणि ही सून, कल्पना! तीन दिवस इस्पितळात चंपीच्या खाटेशी पहारा देत उभी. "नको, आई. घशाखाली काही उतरवायचं नाही." एवढंच पालुपद.

खाटेचीही तऱ्हाच. पायथ्याखाली चार-चार विटा, पाय वर, डोकं खाली. सहा वर्षांची पोर पालथी घातलेली, तोंड एका कुशीला, आणि ओठांतून लाळ गळतेय. यशवंतपूरच्या बाजारात मिरच्यांची पोतीदेखील कुणी अशी टाकत नाही.

डॉक्टर उपेंद्रांनी पहिल्याच दिवशी आपल्या मानेला मागून हात लावून दाखवलं होतं. "इथं वर, मेंदूच्या देठाशी, श्वासाचा ठेका धरणारी जागा असते, अज्जी. गिळताना श्वासनळीचं दार लावायचं कामही तिथलंच. पोलिओनं नेमकी तीच जागा धरलीय. दार लागत नाही. तोंडात गेलेला थेंब सरळ फुप्फुसात उतरेल. ठेका अजून शाबूत आहे, तो सांभाळायचा."

अंबुबाईंनी मान हलवली, पण मनात म्हणाल्या, देवाच्या पाण्याला कसलं दार! त्यांची स्वतःची दोन मुलं तोंडात पाण्याचा थेंब न पडता गेली होती. ती कोरडी तोंडं त्या चाळीस वर्षं विसरल्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी लाळ ओढायची रबरी नळी उकळून आणायला कल्पना बाहेर गेली. "आलेच, आई. तिच्याकडे बघा हं."

अंबुबाईंनी बघितलंच. मग कनवटीची बाटली आणि पळी काढली. बसवनगुडीच्या मारुतीचं, सकाळीच आणलेलं तीर्थ. पोरीचं तोंड वर वळवलं आणि पळी ओतली.

चंपीनं गिळलं नाही. घशात नुसती घरघर झाली. डोळे फिरले, ओठ जांभळे पडले.

"कल्पना!"

कल्पना नळी घेऊन धावत आली. पळी बघितली. पोरीला पालथं केलं, डोकं खाटेखाली लोंबतं धरलं, घशात नळी घातली आणि दुसरं टोक स्वतःच्या तोंडात घेऊन ओढू लागली. ओढायची, थुंकायची, पुन्हा ओढायची. दारातून नर्स गंगव्वा डॉक्टरांना हाका मारत पळाली.

पाणी आलं. चंपीनं एक श्वास घेतला. मग काहीच नाही. पाठ हलेना.

"ठेका चुकला," नळी तोंडातून काढताच कल्पनाचा आवाज फाटला. "आई, तिला सांगा! आपोआप येत नसला तरी सांगितलं की घेता येतो, डॉक्टर म्हणाले होते. माझं तोंड गुंतलंय, तुम्ही सांगा!"

अंबुबाई खाली फरशीवर बसल्या, नातीच्या तोंडाशी तोंड नेलं. ज्या आवाजाला अख्खं घर टरकायचं, तो आवाज काढला. "चंपे! श्वास घे!"

पापणी हलली. पाठ वर आली.

"सोड. घे आता! ऐकतेस की नाही? घे म्हणते ना! सोड. झोपायचं नाही, सटवे, घे!"

त्यांनी म्हटलं की पाठ उचलायची. त्या थांबल्या की तीही थांबायची. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पुसायला सवड नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. घसा बसला. एकदा 'घे' ओठांवर आलं आणि आवाजच फुटला नाही.

पाठ वर आली. न सांगता. मग पुन्हा.

डॉक्टर हवेची पिशवी घेऊन धावत शिरले, खाली वाकले, बोटांवर मोजत राहिले. "येतोय. तिचा तिलाच येतोय." मग त्यांना फरशीवरची पळी दिसली. "हे कुणी दिलं?"

कल्पना भिंतीला टेकून उभी होती, पदरानं तोंड पुसत.

"मी," अंबुबाई म्हणाल्या. हात टेकून उठल्या, राहिलेलं तीर्थ खिडकीबाहेरच्या झाडाला घातलं आणि सुनेसमोर येऊन ताठ उभ्या राहिल्या. आवाज घोगरा झाला होता, तरी वॉर्डभर ऐकू गेला.

"कल्पना, तीन दिवस मला आडवी आलीस, ते बरोबर केलंस. आज पोरीला माझ्यापाशी एकटी सोडून गेलीस, तिथं चुकलीस. पुन्हा सोडू नकोस."